दिल्लीत आपले काय आहे?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेजारचे बिऱ्हाड दिल्ली-आग्रा पाहून आले. येताना त्यांनी आमच्यासाठी पेठ्याचा पुडा आणला आणि त्याबरोबर दीडेकशे छायाचित्रे. पेठा लवकर संपला. छायाचित्रे संपता संपेनात. कुतुबमिनारापुढे वहिनी, हुमायूनच्या कबरीपुढे वहिनी, इंडिया गेटपुढे वहिनी आणि चाट खाणारी मुले, असा तो क्रम चालला होता. शेवटी लाल किल्ला आला. ते चित्र पाहता पाहता त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी मला एकदम विचारले, "काका, शाळेत बाई सांगतात, मराठ्यांनी दिल्लीपर्यंत धडक मारली. मग तिथे आपलं काय आहे? आम्हाला तर कुणी काहीच दाखवलं नाही."

तोंडात पेठ्याचा तुकडा असल्याचे निमित्त करून मी गप्प बसलो. पण प्रश्न काही गप्प बसेना. खरेच, दिल्लीत आपले काय आहे? गुलाम घराण्याचा मिनार आहे, तुघलकांचे उजाड किल्ले आहेत, लोदींच्या कबरी आहेत, मोगलांचे तर सारे शहरच आहे. इंग्रज जेमतेम छत्तीस वर्षे या राजधानीत राहिले, तरी रुंद रस्ते आणि खांबांचे वाडे मागे ठेवून गेले. मराठ्यांचा दिल्लीशी संबंध मात्र इ. स. १७१९ पासून १८०३ पर्यंत, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांचा. एवढ्या काळात बोट दाखवून सांगावी अशी एकही भव्य इमारत आपण उभी केली नाही.

पुढे कामानिमित्त मलाही दिल्लीस जाण्याचा योग आला, तेव्हा या एका प्रश्नासाठी मी दोन दिवस राखून ठेवले. हिवाळा सरत आला होता, ऊन अंगाला गोड लागत होते. दिल्ली पाहावी तर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतच. पुढे तिथला उन्हाळा पाहुण्यांचे आदरातिथ्य करीत नाही. टांगे आता इतिहासजमा झाले. परंतु जमिनीखालून आणि डोक्यावरून धावणाऱ्या मेट्रोचा एक जांभळा मार्ग असा आहे, की कालकाजी मंदिर आणि लाल किल्ला ही दोन्ही स्थानके त्याच्याच वाटेवर येतात. आमच्या पूर्वजांना जे अंतर कापावयास ऐंशी वर्षे लागली, ते मी पाऊण तासात कापले, असे म्हणावयास हरकत नाही.

आरंभ कालकाजीपासून केला. दक्षिण दिल्लीत टेकाडावर कालिकेचे हे जुने देऊळ आहे. शेजारीच १९८६ साली पुरे झालेले बहाई पंथाचे कमळाच्या आकाराचे मंदिर असल्यामुळे प्रवासी मंडळी बहुधा तिकडे वळतात; कालिकेकडे जातात ते नवस बोललेले. दोन्ही बाजूंना चुनऱ्या, नारळ, बत्तासे यांची दुकाने. गर्दी, घंटा, अगदी आपल्या कुठल्याही देवीच्या जत्रेसारखे. देवळाचा सर्वांत जुना भाग इ. स. १७६४ च्या सुमाराचा मानतात. पण मी आलो होतो त्याच्याही आधीच्या एका जत्रेसाठी.

मार्च १७३७ ची अखेर. चैत्र शुद्ध नवमीच्या सुमारास दिल्लीची माणसे बायकामुलांसह इथे यात्रेला जमली होती. त्याआधी काही दिवस अयोध्येचा सुभेदार सादतखान याने दुआबात मल्हारराव होळकरांच्या तुकडीला मागे रेटले होते, आणि मराठे चंबळेपार पळाले, अशी बढाई बादशहाला लिहून पाठविली होती. दरबारात आनंदीआनंद झाला. बाजीरावाचे वय तेव्हा छत्तीस. बादशहाला खरे काय ते दाखवावयाचे, असे त्याने ठरविले. बुणगे बुंदेलखंडात ठेवले, वाटेत पसरलेल्या मोगली फौजांना बगल दिली आणि लांब लांब मजला मारीत तो थेट या कालिकेच्या देवळापाशी येऊन उतरला. यात्रेची दाणादाण उडाली. मराठी स्वारांनी यात्रेकरूंचे हत्ती, उंट लुटले, हेही सांगितले पाहिजे. मुहम्मदशहा बादशहा आणि बाजीराव यांच्यामध्ये त्या दिवशी अडथळा असा उरला नव्हता.

पुढे काय झाले? दिल्ली जाळावी, असे बाजीरावाच्या मनात प्रथम होते. ते त्याने बदलले. धाकटा भाऊ चिमाजीअप्पा याला त्याने पुढे जे पत्र लिहिले, त्यात कारणही सांगितले आहे: दिल्ली हे मोठे स्थळ, ते उद्ध्वस्त करण्यात लाभ नाही, उलट राजकारणाचा धागा तुटेल. या पत्राची आठवण होऊन मी देवळाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसलो. समोर एक आजी नातवाला प्रसाद भरवीत होती. यात्रेची लूट झाली खरी, पण शहराला आग लागली नाही. न लागलेल्या आगीची खूण कोणत्या दगडावर कोरतात? या घटनेला दोन वर्षे होतात न होतात तोच नादिरशहा आला. चांदणी चौकातल्या सोनेरी मशिदीत बसून त्याने कत्तलीचा हुकूम दिला. मशीद आजही तिथे आहे आणि ती दाखविणारी माणसेही आहेत. कालिकेच्या टेकाडावर मात्र, इथे एका माणसाने आपला विचार बदलला, असे सांगणारे मला कोणी भेटले नाही.

तिथून केंद्रीय सचिवालयाच्या स्थानकावर उतरलो आणि तालकटोऱ्याकडे निघालो. वाटेत रकाबगंजचा शुभ्र गुरुद्वारा लागतो. इ. स. १६७५ मध्ये चांदणी चौकात गुरू तेगबहादूरांचा शिरच्छेद झाला, तेव्हा त्यांच्या धडाला जिथे अग्नी दिला गेला, ती ही जागा. आत जाऊन डोके टेकावे, लंगरात पंगतीला बसावे; मुलांना याहून चांगला धडा कोणत्या सहलीत मिळणार?

पुढे तालकटोऱ्याचा बाग. तलाव आणि त्याला टेकड्यांचा कटोरा, असे हे नाव. १७३७ च्या त्या स्वारीत बाजीरावाने आपला तळ कालिकेपासून हलवून इकडे आणला. त्याचा हेतू लढण्याचा नाही असे समजून सात-आठ हजार मोगली फौज शहराबाहेर पडली. राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर यांनी तिला इथे गाठले आणि मोडून परत पिटाळले. दुसऱ्या दिवशी बाजीराव राजपुतान्याच्या वाटेला लागलाही. मागून मोगलांच्या मोठ्या फौजा येत होत्या, आणि अडकून पडणे हे त्याच्या युद्धशास्त्रात बसत नव्हते.

आज बागेत फुलांचे ताटवे आहेत, म्हातारी माणसे ऊन खात बसलेली असतात. शेजारीच तालकटोरा स्टेडियम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच ठिकाणी भरले. अध्यक्षा होत्या डॉ. तारा भवाळकर. त्यापूर्वी १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीने संमेलन पाहिले होते. ज्या माळावर घोड्यांच्या टापा उमटल्या, तिथे मराठी माणसे पुस्तकांच्या पिशव्या सांभाळीत आणि चहाच्या रांगेत नंबर लावीत हिंडली. ही दुसरी स्वारी पहिलीपेक्षा कमी पराक्रमाची होती, असे मला वाटत नाही. निदान तिच्यात कोणाचा उंट गेला नाही.

दुसरा दिवस लाल किल्ल्यासाठी ठेवला होता. एक सूचना इथेच करून ठेवतो: किल्ला सोमवारी बंद असतो. सकाळी लवकर जावे. उन्हे चढेपर्यंत किल्ला पाहून व्हावा, मग चांदणी चौकात उतरावे. तिथे पराठेवाली गल्ली आहे, तुपात तळलेली जिलेबी आहे, दरीब्यात चांदीची दुकाने आहेत. मुले किल्ल्यात कुरकुरली तर त्यांना जिलेबीची आठवण द्यावी. इतिहास पुढे सरकतो.

शहाजहानने या किल्ल्याचा पाया १६३९ साली घातला आणि १६४८ साली तो राहावयास आला. लाहोरी दरवाजाने आत शिरले, की छत्ता चौकाचा छपराखालचा बाजार लागतो. मग नौबतखाना, मग दिवाण-ए-आम, आणि अगदी यमुनेच्या अंगाला दिवाण-ए-खास. यमुना आता दूर सरकली आहे. पूर्वी ती तटाला लागून वाहत असे.

या किल्ल्याशी मराठ्यांची पहिली गाठ १७१९ ची. सय्यद हुसेनअली याच्याबरोबर बाळाजी विश्वनाथ मराठी फौज घेऊन दिल्लीस आला. फेब्रुवारीच्या अखेरीस सय्यद बंधूंनी फर्रुखसियर बादशहाला तख्तावरून खाली ओढले. त्या धामधुमीत शहरात दंगल उसळली आणि गल्लीबोळांत सापडलेले हजार-दीड हजार मराठे कापले गेले. नाना फडणीसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू हेही त्यांत पडले. मार्चमध्ये चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा हाती आल्या. पण मराठी घरात या सनदांहून मोलाची मानावी अशी एक गोष्ट त्या स्वारीने परत आणली. ती म्हणजे शाहू महाराजांच्या मातोश्री येसूबाई. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा त्या मोगलांच्या कैदेत गेल्या होत्या. नवरा औरंगजेबाने हालहाल करून मारलेला, मुलगा १७०७ मध्ये सुटलेला, आणि आई मात्र ओलीस. तीस वर्षांनी ती माउली आपल्या मुलखात परतली. चांदणी चौकाच्या गर्दीत उभे राहिलो असताना मला सनदा आठवल्या नाहीत. परतीच्या वाटेवरची ती पालखी आठवली.

आता दिवाण-ए-खासमध्ये चलावे. पांढरा संगमरवर, खांबांवर रंगीत दगडांची फुले, स्वर्ग असेल तर तो इथेच, अशा अर्थाच्या फारसी ओळी. प्रवासी इथे येतात आणि मयूरासन कुठे होते ते विचारतात. वाटाड्या चौथरा दाखवतो, नादिरशहाचे नाव घेतो, मंडळी चुकचुकतात आणि पुढे जातात. मी त्यांच्यामागून न जाता मान वर करून छताकडे पाहिले.

हे छत लाकडी आहे, त्यावर रंगकाम आहे. शहाजहानच्या वेळी ते चांदीच्या पत्र्याने मढविलेले होते. ती चांदी काय झाली? तिचा शेवटचा भाग आपण काढला. जुलै-ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. इब्राहीमखान गारद्याच्या तोफांनी किल्ल्यातल्या महालांना खिंडारे पाडली, आणि ऑगस्टच्या आरंभी किल्ला ताब्यात आला. पण आत खजिना नव्हता. पावसाळ्याने यमुना भरलेली, पलीकडे अब्दाली, अलीकडे दाणावैरण महाग, फौजेचा पगार थकलेला, पुण्याहून पैसा येण्याची वाट दूरची. भाऊंनी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरविले आणि ती चांदी टांकसाळीत वितळवून सुमारे नऊ लक्ष रुपये पाडले. ते किती दिवस पुरणार? ऑक्टोबरात भाऊ दिल्ली सोडून उत्तरेस गेले. १४ जानेवारी १७६१, पानिपत. पुढचे सांगावयास नको. प्रत्येक मराठी घरात संक्रांतीच्या तिळगुळाला अजून त्याची थोडी कडू चव आहे.

शेजारच्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला इथे मिळाले, आणि ते मनाला लागले. दिल्लीत आपले काय आहे? हे उघडे पडलेले छत आहे. आपल्या हातची खूण म्हणून दाखविता येते ती ही, आणि ती काही बांधल्याची खूण नव्हे. कोणी म्हणेल, नादिरशहाने मयूरासन नेले ते हावेपोटी. भाऊंनी छत उतरविले ते उपाशी फौजेच्या पोटासाठी. फरक आहे, आणि तो सांगावाही. पण पराक्रमाच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट गाळली, तर मुलांना आपण अर्धाच इतिहास दिला असे होईल. आपल्या आजोबांची चूक ज्याला शांतपणे सांगता येते, त्यालाच त्यांची थोरवीही सांगण्याचा अधिकार आहे.

आणि थोरवीची गोष्ट याच दालनात आहे. फार दूर जावे लागत नाही.

पानिपतानंतर मराठे उत्तरेतून संपले, असे साऱ्यांनी धरून ठेवले होते. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १७७१ मध्ये, महादजी शिंदे दिल्लीत होते. तोपर्यंत अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयाला राहिलेला शहाआलम बादशहा जानेवारी १७७२ मध्ये मराठ्यांच्या पाठबळावर आपल्या राजधानीत परतला. १७८४ मध्ये त्याने वकील-इ-मुतलक, म्हणजे साम्राज्याचा सर्वाधिकारी, हे पद पेशव्यांना दिले आणि त्यांचे नायब म्हणून सारा कारभार महादजींकडे आला. पानिपतावरून लंगडत्या पायाने निसटलेला हा माणूस. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्याला बैलावर घालून वाचविले होते. महादजींनी त्या भिस्त्याला भाऊ मानले आणि पुढे सेनापती केले.

१७८८ च्या पावसाळ्यात महादजींचा जोर काही काळ ओसरला असताना गुलाम कादर हा रोहिला किल्ल्यात शिरला. तो नजीबखानाचा नातू. ज्या नजीबाला १७५७ मध्ये राघोबादादांच्या फौजेने दिल्लीतच कोंडीत धरले होते आणि मल्हाररावांच्या शब्दावरून सोडून दिले होते, तोच हा नजीब. १० जानेवारी १७६० रोजी इथून उत्तरेस बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, ते याच नजीबाच्या माणसांशी झुंजताना. त्यांचे शेवटचे बोल मराठी मुलांना अजून पाठ असतात. आता नातवाने पुरलेला खजिना सांगत नाही म्हणून म्हाताऱ्या बादशहाला छळले, आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी त्याचे डोळे काढविले. शाहजाद्यांचे, बेगमांचे हाल झाले. अन्नपाण्यावाचून किल्ल्यात माणसे मेली.

दिल्ली सोडवावयास जी मराठी फौज आली तिच्या अग्रभागी होता राणेखान, तोच भिस्ती. सोबतीला जिवबादादा बक्षी. ऑक्टोबरात किल्ला मराठ्यांच्या हाती आला. गुलाम कादरचा पाठलाग झाला आणि वर्षाच्या अखेरीस तो पकडला गेला. आंधळा शहाआलम पुन्हा तख्तावर बसविण्यात आला.

वाचकहो, इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. किल्ला हातात, फौज हातात, बादशहा आंधळा, वारस भेदरलेले. त्या घटकेला तख्तावर बसावयाचे म्हटले असते तर अडविणारे कोण होते? महादजी बसले नाहीत. यात निव्वळ साधुत्व होते असे मी म्हणणार नाही. बादशहाच्या नावाने राज्य चालविणे सोपे, ते नाव पुसले तर सारा हिंदुस्थान अंगावर येईल, हा हिशेब त्यात होताच. पण त्याच बादशहाच्या नावाने राज्य करणारे दिल्लीस पुष्कळ होऊन गेले होते, आणि त्यांपैकी कित्येकांनी आपापले बादशहा मारले होते. लंगड्या पाटीलबावांनी आंधळ्या बादशहाला सांभाळले. भिस्त्याने सेनापती होऊन बादशहाला सोडविले. भाऊंच्या छतावरची चांदी आणि महादजींची ही राखण, दोन्ही एकाच खोलीत घडले. अंतर अवघे अठ्ठावीस वर्षांचे.

शेवट यमुनेच्या पलीकडे झाला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या परिसरात जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. ती फौज तेव्हा बोर्किन नावाच्या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली होती. महादजी वारून नऊ वर्षे झाली होती. पाच दिवसांनी लेक किल्ल्यात गेला तेव्हा फाटक्या छत्राखाली बसलेला आंधळा शहाआलम त्याच्या नजरेस पडला. पुढच्या वर्षी यशवंतराव होळकरांनी दिल्लीला वेढा घालून पाहिला, पण तो उठवावा लागला. या लढाईचा इंग्रजांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आता नोएडाच्या गोल्फच्या मैदानात आहे. हिरवळीवर माणसे चेंडू टोलवीत असतात. जिंकणाऱ्यांनी आपल्या मेलेल्यांची आठवण दगडात ठेवली. आपल्या मेलेल्यांची आठवण ठेवणे आपल्याकडेच आहे.

परत आल्यावर शेजारच्या मुलाला मी हे सारे सांगितले. तो लक्ष देऊन ऐकत होता. चांदीच्या छताशी त्याचा चेहरा उतरला, राणेखानाशी खुलला. वहिनी म्हणाल्या, "अहो, आम्ही त्याच खोलीत अर्धा तास होतो! वर बघायचं कुणाला सुचलं नाही."

म्हणून या दिवाळीत जे कोणी मुलाबाळांना घेऊन दिल्लीस जातील, त्यांना एवढीच विनंती. कुतुबमिनार पाहा, जुम्मा मशिदीच्या पायऱ्या चढा, जिलेबी खा. छायाचित्रेही अवश्य काढा. पण दिवाण-ए-खासमध्ये पोचल्यावर मुलांना क्षणभर मान वर करावयास सांगा, आणि ती चांदी कुणी नेली ते न लपविता सांगा. मग त्याच ठिकाणी उभे राहून त्यांना भिस्त्याच्या भावाची गोष्ट सांगा. किल्ला सोमवारी बंद असतो, तेवढे विसरू नका.